मोठे फोटो आणि कोकणातली दमट हवा

शाळेच्या समितीने आम्हा माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी मागितल्या आहेत. पण शाळेचे जुने फोटो दोन-दोन फुटी करून सभागृहात लावायचं ठरलंय, तेव्हा माझ्या फोटो छपाईच्या धंद्यातलं चार ओळी लिहिलेलं शाळेच्या जास्त कामी येईल. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, पाण्याचा हात फिरला की ड्रॉइंगचा कागद फुगतो. इंकजेट म्हणजे शाईचे थेंब उडवणाऱ्या प्रिंटरची शाईसुद्धा बहुतांशी पाणीच.

दमट हवेत कागदाच्या कडा आधी ओल ओढतात, मधला भाग मागे राहतो, म्हणून कडेला लाटा येतात. प्रिंटरचं हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, कागदावरून जेमतेम एक-दोन मिलिमीटर अंतरावर फिरतं. लाट तेवढी उठली की ते घासतं आणि कडेला काळा फराटा किंवा गडद भागात बारीक रेघ उमटते. लोक मग हेड क्लीनिंग करून शाई घालवत बसतात. दोष कागदाचा असतो.

खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात एसी किंवा डिह्युमिडिफायरशिवाय ते होत नाही. कागदाचा रोल बंद पिशवीतच एक दिवस त्या खोलीत राहू द्या, मग पिशवी फोडा. काम संपलं की रोल प्रिंटरवर रात्रभर सोडू नका.

वर्गाच्या जुन्या कृष्णधवल फोटोंना मी २६० जीएसएमच्या (चौरस मीटरला २६० ग्रॅम) आसपासचा लस्टर, म्हणजे मंद चकाकीचा फोटो पेपर घेईन. त्याच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा थर असतो, त्यामुळे शाईने तो फुगत नाही. कॉटन मॅट, म्हणजे बिनचकाकीचा सुती कागद, दिसतो देखणा, पण त्यावरचा काळा रंग शर्टाची बाही लागली तरी खरवडला जातो. शिवाय त्याचे सुटे तंतू छपाईआधी मऊ ब्रशने झटकावे लागतात, नाहीतर नंतर तिथे पांढरे ठिपके राहतात.

ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये) मीडिया टाइप, म्हणजे कागदाचा प्रकार, कागदाप्रमाणेच निवडा. चुकला तर शाई जास्त पडते. तरीही हेड घासत असेल तर प्लेटन गॅप (हेड आणि कागद यांतलं अंतर) ‘वाइड’ करा आणि हाय स्पीड, म्हणजे हेड जाता-येता दोन्हीकडे छापतं ती सोय, बंद ठेवा, कारण अंतर वाढल्यावर दोन्ही दिशांचे थेंब जुळत नाहीत. पुढच्या कडेला तीन सेंटिमीटर कोरी जागा सोडा. घासण्याची भीती तिथेच सर्वाधिक. रोलचा शेवटचा, गाभ्याजवळचा भाग फार वळलेला असतो, तो चाचणीला वापरा.

प्रिंट समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून उचला. एका हाताने उचललात तर चंद्रकोरीसारखी मोड पडते, ती कशानेही जात नाही. सुरुवातीला थोडा वेळ उघडा वाळवा, मग साधा कोरा कागद वर ठेवून किमान २४ तास सपाट. शाईतली ग्लायकोलसारखी द्रव्यं सावकाश उडतात; घाईने फ्रेम केली तर काचेवर आतून धुरकट थर येतो. प्रिंट एकावर एक सरकवू नका.

फ्रेमवाले चारही कडांना डबल टेप मारतात, ते करू देऊ नका. ओलाव्याने कागद वाढला की त्याला जायला जागा नसते आणि मध्ये फुगे येतात. फक्त वरच्या कडेला दोन पट्ट्या, बाकी तीन बाजू मोकळ्या, आणि काच टेकू नये म्हणून माउंट, म्हणजे फोटोभोवती पुठ्ठ्याची चौकट. फ्रेमच्या मागे खाली बुचाचे दोन तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळेल. पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतीवर मात्र काहीच लावू नका, तिथे ओल येते.