घराट आणि खेकडा

उत्तराखंडच्या टिहरी जिल्ह्यात, भिलंगना खोऱ्यात मी घराट सुधारणेच्या कामावर होतो तेव्हाची गोष्ट. घराट म्हणजे तिकडची पाणचक्की. ओढ्यातून डोंगराच्या कडेकडेने पाट काढायचा (तिकडे त्याला गूल म्हणतात) आणि शेवटी पोखरलेल्या ओंडक्याच्या पन्हळीतून पाणी तीन-चार मीटर खाली आडव्या चाकावर सोडायचं. चाकाचा उभा दांडा थेट वरच्या तळीला (जात्याच्या फिरत्या दगडाला) जोडलेला. मध्ये गिअर नाही, पट्टा नाही.

आम्ही लाकडी पात्यांचं चाक काढून लोखंडी वाट्यांचं बसवलं होतं. तासाला सात-आठ किलोच्या जागी पंधरा किलो दळेल, असं सांगून. महिनाभर दळलंही. मग निरोप आला, चक्की परत आठावर.

सकाळभर मी चाकालाच चिकटलो. वाट्या बघितल्या, दोन तळ्यांमधली फट बघितली, दगडाला टाकी लावून घेतली. ढिम्म. घराटवाले बोडा (गढवालीत थोरल्या काकांना बोडा म्हणतात) नुसते ऐकत बसले होते. दाण्यांच्या टोपलीला बांधलेली एक काठी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगडाच्या खडबडीने ती उडते, टोपली हलते, चार दाणे पडतात. दगड मंदावला की दाणेही आपोआप कमी. बोडा त्या काठीची टकटक ऐकत होते.

"बेटा, पानी कम है."

पाट काठोकाठ वाहताना मी स्वतः पाहिला होता. पण तो वर, बांधाजवळ! पाण्यावर पान सोडून प्रवाह मोजायला पाच मिनिटं लागतात. तेवढं मी केलं नव्हतं.

आम्ही पाटाच्या कडेने निघालो. बोडा पाण्याकडे बघेचनात, खालच्या उतारावरचं गवत बघत चालले होते. ऑक्टोबर संपत आलेला, गवत पिवळं पडलेलं. एका वळणाखाली मात्र हिरवंगार. तिथे त्यांनी पाटाच्या काठात कोपरापर्यंत हात घातला आणि मुठीएवढा खेकडा बाहेर काढला. त्याचं बीळ पाण्याने रुंदावत पार मोरीएवढं झालं होतं. कोकणातलं तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं तेव्हा मी संतापलो होतो. धरणाबाबतचं माझं मत अजून तेच आहे, पण त्या दिवशी पाटाशी उभा राहून जरा ओशाळलो.

गवताची गुंडाळी, चिकणमाती, वरून दगड. बोडांनी टाचेने दाबून बसवलं.

परत येऊन तासभर दळलं. तेरा किलो भरलं. मला तेवढ्यानेच हायसं वाटलं, पण बोडा काठीकडे कान लावून होते. हात झटकून ते पुन्हा पाटाच्या वाटेला लागले.

"एक और होगा."