मोरीतली शिकारीण अंड्यांवर आहे: घरातल्या कोळ्यांची पावसाळी नोंद

साताऱ्यात पाऊस धरला की आमच्या पेठेतल्या जुन्या घरात कोळ्यांची वर्दळ वाढते. दिव्यावर किडे येतात, मोरीत झुरळं निघतात आणि त्यांच्या मागोमाग कोळी.

यंदाची मोठी बातमी मोरीतली. शिकारी कोळ्याच्या मादीनं (हेटेरोपोडा व्हेनाटोरिया) अंडी घातलीत. पोटाखाली पांढरट, चपटी, नाण्याएवढी पिशवी धरून ती पिंपामागच्या भिंतीला चिकटून असते. ही जाळं विणत नाही, रात्री निघून झुरळं धरते. पाय पसरले की तळहाताएवढी दिसते, म्हणून पाहुणे दचकतात. पण दिवा लावला की तीच फटीत शिरते. मुठीत दाबली तर चावते, दुखतंही, पण जिवावरचं नाही. पिल्लं बाहेर पडेपर्यंत पिंप हलवायचं नाही, असं घरात ठरलंय.

असं ठरू शकलं, ही माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट. सासूबाईंचा कोळ्यांवर राग एकाच कारणासाठी होता: "अंगावर मुतला की नागीण उठते." नागीण होते ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंत दडून राहतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की पुन्हा डोकं वर काढतो. आणि पावसाळ्यात अंगावर उठणारे भाजल्यासारखे चट्टे? ते पुष्कळदा पेडेरस नावाच्या किड्याचे. काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट, दिव्यावर येणारा. तो अंगावर चिरडला की त्याच्या रसानं कातडी पोळते. ट्यूबलाइटखाली सापडलेला एक मी बाटलीत घालून त्यांना भिंगातून दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "म्हणजे करतो हा मेला, आणि नाव त्या कोळ्याचं!" आता अंगावर काही बसलं तर त्या चापट मारत नाहीत, फुंकर घालतात.

जळमटांचा वाद मात्र खराच होता. छताच्या कोपऱ्यात उलटी लटकणारी, केसासारख्या बारीक पायांची क्रॉसोप्रिझा नावाची कोळीण ती करते. धक्का लागला तर जाळ्यात अंग इतकं गरगरवते की नुसता धूसर ठिपका दिसतो. मादी अंड्यांचा पुंजका जबड्यातच धरून हिंडते, आणि नुसत्या डोळ्यांनीही त्यातलं एकेक अंडं वेगळं दिसतं. आमचा तोडगा असा: आधी बॅटरी मारून बघायचं. धूळ बसलेलं, रिकामं जाळं कुंच्यानं काढायचं, राहतं जाळं ठेवायचं. देवघर आणि पलंगावरचं छत पूर्ण मोकळं. तिथं कुणी आलं तर वरून पारदर्शक बरणी, खालून जुनी लग्नपत्रिका, आणि रवानगी माळ्यावर. जाळ्यात वाळका कोळी दिसला तर लगेच मेला समजू नका. बहुतेक वेळा ती कात असते. भिंगाखाली धरा: पाठीवरचं झाकण उघडलेलं, पाय पोकळ पण नखांपर्यंत शाबूत, डोळ्यांवरची पारदर्शक आवरणंसुद्धा जागच्या जागी.

खिडकीतल्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांवर सवडीनं लिहीन.

अडलंय ते झुरळांच्या औषधाशी. फवारा बंद केला, कारण त्यात कोळीही मरतात. स्वयंपाकघरात फटींतून जेल लावते. पण ते खाल्लेलं झुरळ मोरीपर्यंत पोचलं आणि शिकारिणीनं धरलं तर? म्हणून मोरीच्या बाजूच्या फटी आधी सिमेंटनं बुजवून घेतेय. जेलशिवाय स्वयंपाकघर सांभाळणारं कुणी असेल तर काय करता ते जरूर सांगा.