तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यू आणि शेतकरी?

स्पॅनिश शिकवताना अर्जेंटिनाचा विषय निघाला आणि मी मोइसेस व्हिलचं नाव घेतलं, की कुणीतरी हमखास विचारतं, "ज्यूंनी वसवलेलं शेतकऱ्यांचं गाव? ते तर व्यापारी लोक ना?"

मराठी माणसानं हे विचारावं याची गंमत वाटते. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, पिढ्यानपिढ्या खेड्यांत घाणे चालवत होते. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा घाणा बंद, म्हणून शनवार तेली. किहीमकर, रोहेकर ही आडनावं गावांवरूनच आलेली.

रशियात मात्र शेती न करणं ही तिथल्या ज्यूंची आवड नव्हती. झारच्या 1882च्या कायद्यांनी ज्यूंना खेड्यात नव्यानं राहायला आणि तिथं जमीन घ्यायला मनाई केली. मग झारच्या राज्यातल्या, आजच्या युक्रेनमधल्या कामेनेत्स-पोदोल्स्क भागातली आठशेच्या वर माणसं अर्जेंटिनातल्या जमिनीचा करार करून निघाली. 14 ऑगस्ट 1889 रोजी 'वेझर' बोट ब्युनोस आयर्सला लागली, तोवर तिथले जमिनीचे भाव चढले होते आणि मालकानं हात वर केले.

दुसऱ्या एका जमीनदारानं, पेद्रो पालासिओसनं, सांता फे प्रांतातली जमीन देऊ केली. तिथं पोचून बघतात तर नवा रेल्वेमार्ग, आणि बाकी काही नाही. ना घर, ना अवजारं, ना बैल. बायकापोरं मालडब्यांत आणि शेडमध्ये राहिली. रुळांवरचे मजूर त्यांना खायला देत. तेवढ्यात टायफस पसरला आणि साठहून जास्त मुलं दगावली. लाकूड नव्हतं, म्हणून रॉकेलच्या डब्यांतून त्यांना पुरलं, असं तिथं सांगतात. गावाच्या आधी स्मशान झालं. तरी काही कुटुंबं राहिली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मोइसेस व्हिल वसलं.

त्यांचे हाल डॉ. विल्हेल्म लोवेंथाल या प्रवाशानं पाहिले आणि युरोपात कळवले. त्यातून रेल्वेच्या धंद्यात गडगंज झालेल्या बॅरन हिर्शनं 1891मध्ये ज्यू वसाहत संस्था काढली. फुकट काही द्यायचं नाही, जमीन हप्त्यानं फेडायची, हा त्याचा हट्ट. पुढं गहू, अल्फाल्फा (लसूणघास), गुरं, 1908मध्ये सहकारी संस्था, सिनेगॉग, वाचनालय आणि चक्क नाट्यगृह! शेतकऱ्यांच्या गावात यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतली, नाटकं रंगायची.

आता दुसरा प्रश्न येतो: "मग टिकले का नाहीत?" त्यामागचा "शेवटी व्यापारीच" हा सूर मला पटत नाही. मुलं मोठी झाली, वाटणीला जमीन पुरेना. शाळेवर जीव टाकणाऱ्या आईबापांनी त्यांना शहरात शिकायला धाडलं. "गहू पेरला, डॉक्टर उगवले," असं तिथले जुने लोक म्हणत. सातबाऱ्यावर भावांची नावं वाढत गेलेली पाहिलेल्या घरांना हे वेगळं समजवायला नको. आज गावात ज्यू थोडेच उरलेत, बहुतेक वस्ती कॅथलिक आहे, आणि आसपासच्या रानात गाईगुरं अजून चरतात.