स्क्रँटनचा शनिवार

ऑक्टोबर लागला की मी कपाटाच्या वरच्या फळीवरून बुटांचा एक खोका खाली काढतो. आत स्पंजमध्ये खाच करून रेल्वे इंजिनाचं एक मॉडेल ठेवलेलं आहे. ऑल्को या अमेरिकन कंपनीचं सी-४२५, ईरी लॅकवाना रेल्वेच्या करड्या, किरमिजी आणि पिवळ्या रंगातलं. लांबी वीतभरही नाही, कारण प्रमाण १:८७.१, ज्याला मॉडेलं करणारे एच-ओ म्हणतात. २००९ साली ते दुकानातून तयार घेतलं, आणि तेव्हापासून आमच्या मंडळाच्या प्रत्येक वार्षिक मेळाव्याला ते माझ्यासोबत आलं आहे. दर वर्षी थोडं बदलून.

आमचं मंडळ म्हणजे ईशान्य पेन्सिल्वेनियात रेल्वेची मॉडेलं करणारी चाळीस-पन्नास माणसं. मेळावा भरतो एका चर्चच्या तळघरातल्या सभागृहात, शनिवारी, सकाळी आठपासून. लांबलचक टेबलं, त्यावर पांढरे कागद, आणि कागदांवर आपापली इंजिनं नि डबे. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. अर्धवट काम आणायला तर खास उत्तेजन. रंग न दिलेलं, पितळेची तार उघडी दिसणारं, एका बाजूला कठडा आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही असं इंजिन टेबलावर आलं, की सगळ्यात जास्त गर्दी तिथेच. पूर्ण झालेल्या इंजिनाचं माणूस कौतुक करतो. अर्धवट इंजिनापाशी खुर्ची ओढून बसतो.

जेवण सगळ्यांनी मिळून आणलेलं. त्या भागात पोलंड-युक्रेनकडून खाणकामासाठी आलेल्यांची घरं पुष्कळ, त्यामुळे बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगीचे मोठाले ट्रे असायचेच. मेळावा दिवाळीच्या तोंडावर यायचा, म्हणून मी चिवडा आणि चकल्या न्यायचो. दुसऱ्याच वर्षी दारावर एक चिठ्ठी लागली: चकली खाल्ल्यावर हात धुतल्याशिवाय मॉडेलला हात लावू नये. ती चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई माझ्या टेबलावरून जाताना हमखास चार चकल्या रुमालात बांधून घ्यायच्या.

पहिल्या वर्षी मी ते इंजिन खोक्यातून काढलं तसंच टेबलावर ठेवलं होतं. एक उंच, वाकलेले आजोबा आले. खिशातून भिंग काढलं आणि इंजिन हातात न घेता, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "ऑल्कोच का घेतलंस?"

मी सांगितलं, माझं गाव वाठार. पुणे-मिरज मार्गावर, साताऱ्याच्या अलीकडे. आदर्कीचा घाट चढून येणाऱ्या गाडीचं इंजिन दिसायच्या खूप आधी ऐकू यायचं. डब्ल्यूडीएम-२, सोळा सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायच्या आठ पायऱ्यांपैकी एक, वाढवला की आधी काळ्या धुराचा लोट आणि मग ओढ. अमेरिकेत आल्यावर कळलं की ते ऑल्कोचं २५१ मालिकेचं इंजिन, आणि त्याच मालिकेचं इंजिन या सी-४२५ मध्येही आहे.

आजोबा सरळ उभे राहिले. म्हणाले, "मी स्केनेक्टडीला होतो." न्यूयॉर्क राज्यातल्या त्या गावात ऑल्कोचा कारखाना होता, १९६९ मध्ये तिथलं इंजिन बांधणं थांबलं. हे तिथे उमेदवार म्हणून लागले तेव्हा भारताची मागणी पुरी करणं चाललेलं. डब्ल्यूडीएम-२ ची पहिली इंजिनं १९६२ साली तिथूनच आली, पुढे सुट्या भागांवरून वाराणसीला जोडणी सुरू झाली. त्यांच्या लक्षात राहिले होते ते भारतासाठीचे ॲक्सल. दोन्ही हात समोर धरून त्यांनी अंतर दाखवलं. अमेरिकेतल्या रुळांमध्ये चार फूट साडेआठ इंच, आपल्या ब्रॉडगेजमध्ये साडेपाच फूट. "साडेनऊ इंच जास्त! चाकं आडवी ठेवलेली बघून आम्हाला वाटायचं, हे इंजिन किती ऐसपैस उभं राहत असेल." ते उभं कसं राहतं हे मी बघितलेलं होतं. ते आमच्या फलाटापाशी कसं थांबायचं, हे मी त्यांना अर्धा तास सांगितलं.

मग ते माझ्या इंजिनाच्या चाकांकडे वळले. एच-ओमध्ये रुळांमधलं अंतर जवळपास बिनचूक असतं, १६.५ मिलिमीटर. चाक मात्र बिनचूक नसतं. बाजारी मॉडेलचं चाक ०.११० इंच रुंद. ८७ ने गुणलं की साडेनऊ इंच! खऱ्या चाकाची रुंदी साडेपाच इंचांच्या आसपास. चाकाची आतली कड, म्हणजे फ्लँज, खरी एक इंच खोल. मॉडेलची हिशेबाने दोन इंचांच्या वर जाते. "भारताला जे साडेनऊ इंच जास्त दिले, ते तुझ्या एकेका चाकात आहेत," आजोबा म्हणाले. त्या दिवसापासून मला समोरून बघताना ती जाड चाकंच दिसायला लागली.

खऱ्या मापाचं चाक घालायचं, रूळही तसाच करायचा, या पद्धतीला प्रोटो:८७ म्हणतात. त्यात चाक ०.०६४ इंचाचं. ऐकायला वाटतं, जुनी चाकं काढली, नवी घातली, झालं. पण चाक बारीक झालं की बोगीची, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याची, बाजूची चौकट फार बाहेर दिसते, चाक आणि चौकट यांच्यामध्ये फट पडते. म्हणून दोन्ही बाजूंच्या चौकटी अर्धा-पाऊण मिलिमीटर आत घ्याव्या लागतात. आत घेतल्या की गिअरच्या डब्याला घासतात. मग आतून खरवडायचं, ब्लेडने, पुसून बघत बघत. माझ्या दोन हिवाळ्यांच्या रात्री त्यात गेल्या आणि त्यातली एकही वाया गेली असं मला वाटत नाही.

दरम्यान वरचं कामही चालू होतं. दर मेळाव्यात कुणीतरी एक गोष्ट शिकवायचं आणि पुढच्या मेळाव्यापर्यंत ती माझ्या इंजिनावर उतरायची. हाताने धरायच्या कड्या प्लॅस्टिकच्या होत्या. खऱ्या कडीची सळई पाऊण इंचाची, म्हणजे मॉडेलमध्ये ०.००९ इंचही नाही. आम्ही ०.०१० इंचाची फॉस्फर ब्राँझची तार वापरायचो. एक निवृत्त घड्याळजी माझ्याशेजारी बसून तार वाकवायला शिकवायचे: पक्कडीत पट्टीचा तुकडा धरायचा, तार त्यावर एकदाच दाबायची, परत सरळ करायला जायचं नाही, कारण दुसऱ्यांदा वाकलेली तार कधी सरळ दिसत नाही. ८० नंबरचं ड्रिल हाताच्या पिन व्हाइसमध्ये धरून भोक पाडताना श्वास सोडत फिरवायचं, हेही त्यांचंच. त्या एका दुपारी मी तीन ड्रिल मोडली आणि त्यांनी काही न बोलता चौथं पुढे केलं.

डबे जोडायचं कपलिंगही बदललं. खऱ्या मापाच्या कपलिंगच्या डोक्यात मोहरीहून लहान एक पोलादी गोळी असते. ती आपल्या वजनाने खाली बसली की कपलिंग बंद. उघडायचं तर वरून लोहचुंबकाची काडी धरायची, गोळी वर उचलली जाते आणि जबडा सुटतो. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी ती काडी दहा-बारा वेळा फिरवली असेल.

चाकं बदलल्यानंतरच्या मेळाव्यात मी इंजिन मोठ्या हौसेने मंडळाच्या नेहमीच्या रुळांवर ठेवलं. सरळ मार्गावर सुरेख गेलं. सांध्यावर, म्हणजे एका मार्गातून दुसरा मार्ग फुटतो तिथे, आलं आणि रूळ जिथे एकमेकांना छेदतात, ज्याला अमेरिकन लोक फ्रॉग म्हणतात, त्या ठिकाणी पुढचं चाक खाली बसलं. टक्. दुसरं चाकही. मग अख्खं इंजिन तिरकं होऊन थांबलं. कारण साधं होतं. फ्लँज जाण्यासाठी तिथे जी फट सोडतात ती खऱ्या मार्गावर दोन इंचांच्या आत असते. बाजारी सांध्यात मोजली तर चार इंचांच्या वर भरते. जाड चाक त्या फटीवरून तरंगत जातं, बारीक चाक आत पडतं. सगळे बघत होते. मी इंजिन उचललं आणि खोक्यात ठेवलं.

आजोबा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "चाक बरोबर आहे. रूळ चूक आहे. रूळ करू." आणि पुढच्या वर्षी त्यांनी खरोखर केला. चार फूट लांबीची फळी, त्यावर एकेक चिरलेला लाकडी स्लीपर, त्यावर हाताने ठोकलेला रूळ आणि मधोमध एक सांधा. खिळे इतके बारीक की टोपी बघायला भिंग लागायचं. ती फळी मोटारीच्या मागच्या सीटवर, पट्टा बांधून, तीन तासांच्या प्रवासाने आली होती.

मीही गप्प बसलो नव्हतो. एक इंचाच्या हिशेबाची फ्लँज रुळावर टिकायची तर प्रत्येक बोगीची चारही चाकं सतत रुळाला टेकलेली हवीत. आपली तिपाई खडबडीत अंगणातही डगमगत नाही, चारपायी टेबल डगमगतं. तोच नियम. एक बोगी डावी-उजवीकडे झुकू द्यायची, दुसरी झुकू द्यायची नाही; इंजिनाला तीन टेकू मिळतात. तेवढ्यासाठी बोगीच्या वरच्या टेकूला अर्धगोल आकार दिला होता.

त्या दुपारी घड्याळजींनी सभागृहातला पंखा बंद केला. मी इंजिन फळीवर ठेवलं, वेग अगदी कमी. सगळे सांध्याकडे कान लावून उभे. इंजिन आलं, फ्रॉगवर चढलं, पार झालं. टक् झालं नाही. एकाही चाकाचं झालं नाही. मी मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. पंधरा-वीस मोठी माणसं वाकून न झालेला आवाज ऐकत होती, आणि आजोबांनी हनुवटी टेबलाला टेकवली होती, पहिल्या वर्षीसारखीच.

मेळाव्यातला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र चर्चच्या बाहेरचा. जेवणानंतर आम्ही मोटारी काढून रुळांकडे जातो. स्क्रँटनमध्ये जुन्या लॅकवाना रेल्वेच्या यार्डात वाफेच्या इंजिनांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, स्टीमटाऊन. पण आमची पावलं वळतात ती डेलावेअर-लॅकवाना नावाच्या छोट्या रेल्वेकडे. ती आजही ऑल्कोची इंजिनं चालवते, मूळ ईरी लॅकवानाची सी-४२५ सुद्धा. ईरी लॅकवाना १९७६ साली कॉनरेल या मोठ्या रेल्वे कंपनीत गेली. तिची काही इंजिनं कुठे कुठे फिरून परत याच डोंगरात आली. गव्हाचे डबे घेऊन ती पोकोनोचा चढ चढतात, वर पिठाची गिरणी आहे. आम्ही चढाच्या कडेला, पिवळ्या-तांबड्या पानांत उभे राहायचो. आधी ऐकू यायचं, मग धूर दिसायचा, मग इंजिन. माझ्या छातीत जे व्हायचं ते वाठारच्या फलाटावर व्हायचं तेच.

२०२० साली मेळावा भरला नाही. पुन्हा सुरू झाला तेव्हा आजोबांना एवढा प्रवास झेपत नव्हता. फळी मात्र त्यांनी नातवाबरोबर पाठवली, पट्टा बांधूनच. त्या दुपारी चढाच्या कडेला उभं राहून मी त्यांना फोन लावला. गाडी येताना ऐकू यायला लागली तसा फोन रुळांच्या दिशेने, हात लांब करून धरला. इंजिनं समोरून गेली, मागून गव्हाचे डबे गेले, शेवटचा डबा वळणाआड झाला. मी फोन कानाला लावला.

"सहावा नॉच," ते म्हणाले. "आठव्यावर नव्हता."

मग थोडं थांबून विचारलं, "तुझ्या मॉडेलच्या मागच्या बोगीच्या डाव्या बाजूची वाळूची नळी राहिली होती. लावलीस का?"

"लावली," मी म्हटलं. "काल रात्री."