चेहरा ब्लर केला की तो आरोपीच

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला ८ मिनिटांची डॉक्युमेंटरी होती. ग्रुप तिघांचा. एक कॅमेरावाला, एक साउंडवाली आणि मी, म्हणजे दिग्दर्शन, एडिटिंग, परवानग्या आणि वडापाव. विषय मी आणला, कारण तो आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर घडला होता. ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला आमची वस्ती. मागच्या पावसाळ्यात तिथे १६ वर्षांच्या एका पोराने १७ वर्षांच्या दुसऱ्यावर चॉपर उगारला, आणि नुसता उगारून थांबला नाही. कारण विचाराल तर 'खुन्नस दिली'. म्हणजे डोळे वटारून बघितलं. कुणी कुणाला दिली यावर अजून एकमत नाही. गल्लीचं नाव लिहीत नाहीये, का ते पुढे येईल.

सरांनी वर्गात एक तक्ता दिला होता, डॉक्युमेंटरीत काय काय असतं त्याचा. निवेदन, मुलाखत, तज्ज्ञ, लोकांच्या प्रतिक्रिया, आकडे, नाट्यरूपांतर, हलता कॅमेरा. आम्ही तो वाण्याच्या यादीसारखा वापरला. आणलं की टिकमार्क.

निवेदनासाठी कॅमेरावाल्याचा आवाज घेतला, कारण तो भारदस्त आहे आणि त्याला ते माहीत आहे. "ठाणे. तलावांचं शहर. पण या शांत पाण्याखाली नेमकं काय दडलंय?" मागे मासुंदा तलाव, पायडल बोटींसकट. सर म्हणाले, "गाळ दडलाय. पुढे?" घरी आजोबा मात्र खूश. "हा अगदी फिल्म्स डिव्हिजनवाला बोलतोय!" फिल्म्स डिव्हिजन १९४८ सालची. त्यांचे माहितीपट थिएटरात पिक्चरच्या आधी लागायचे आणि ते संपेपर्यंत आजोबा बाहेर शेंगदाणे खात उभे राहायचे, हेही त्यांनीच सांगितलं. निवेदन त्याच दिवशी काढून टाकलं.

मग आकडा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक आकडा आला की लोक गप्प होतात, असं आमचं मत होतं. शोधायला गेलं की सगळं लंडन येतं. इंग्लंड-वेल्समध्ये सुरी वापरून झालेल्या गुन्ह्यांची मोजणी वेगळी ठेवतात, त्यामुळे तिकडच्या फिल्म्सना सुरुवातीला आकडा मिळतो. ढगाळ आकाश, हुडीतली पोरं, आकडा. (आमच्याकडे मे महिन्यात हुडी घातली तर पोराला हल्ल्याशिवायच दवाखान्यात न्यावं लागेल.) आपल्याकडे हिशोब कलमांचा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ घ्या. घातक हत्याराने दुखापत. त्यात भोसकायचं हत्यार आलं, कापायचं आलं, गोळी झाडायचं आलं, विस्तव आला, विष आलं, जनावर अंगावर सोडणंही आलं. त्या बेरजेतून चॉपर वेगळा कसा काढणार? साउंडवाली म्हणाली, अंदाजे टाकू. नाही टाकला.

नाट्यरूपांतराची आम्हाला सगळ्यात हौस होती. खरा चॉपर हातात घेऊन रस्त्यावर शूटिंग करायचं नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल आणि ते घरकाम, शेती वगैरेंसाठी बनवलेलं नसेल, तर ते हत्यार नियमांखाली येतं. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी शस्त्रबंदीचे मनाई आदेश असतात. वाढदिवसाला तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकणारे 'भाई' ह्यातच आत जातात. तेव्हा पुठ्ठा कापला, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली. संध्याकाळी सातला गल्लीत दोन मित्रांना पळवलं. दुसऱ्या टेकला वरच्या खिडकीतून एक मावशी किंचाळल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन अनवाणी खाली आल्या. पाणी कशाला, तर त्या रात्री खऱ्या जखमेवर त्यांनीच ओतलं होतं. आम्ही पुठ्ठा दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि वर गेल्या. तो शॉट अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहे. उजेड फार सुंदर आहे त्यात. वापरला नाही.

लोकांच्या प्रतिक्रिया गावदेवी मैदानापाशी घेतल्या, कारण स्टेशनात कॅमेरा काढायला रेल्वेची परवानगी लागते. २३ जण बोलले. मोबाईल, संस्कार, मोबाईल, आईबाप, मोबाईल.

तज्ज्ञ म्हणून एक वकीलकाका मिळाले. लाल बांधणीच्या पुस्तकांसमोर बसले, पाऊण तास बोलले, आम्ही ३५ सेकंद ठेवली. पण त्या पाऊण तासात मला जे कळलं ते वर्षभरात कळलं नसतं. १६ वर्षांच्या त्या पोराला 'गुन्हेगार' सोडा, 'आरोपी'सुद्धा म्हणायचं नाही. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांतली एक बाई असावीच लागते. वस्तीत सगळे छातीठोक सांगत होते की सोळा पूर्ण म्हणजे मोठ्यांसारखी केस चालणार. काकांनी हात हलवला. तसा विचार करायचा तर गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा लिहिलेली लागते. खुनाला आहे. खुनाच्या प्रयत्नाला, म्हणजे कलम १०९ला, कमाल शिक्षा भरपूर आहे, किमान लिहिलेलीच नाही. मग काकांनी कॅमेरा बंद करायला लावला आणि बाल न्याय कायद्याचं, २०१५च्या, कलम ७४ माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही दाखवायचं नाही. मारणाऱ्या मुलाचं नाही, मार खाल्लेल्याचंही नाही, बघणाऱ्या मुलाचंही नाही. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "कॉलेजचं प्रोजेक्ट आहे असं लिहिलंय का कुठे?" काकांनी विचारलं.

आता ज्याला लागलं होतं, तो. आमच्या शूटिंगपर्यंत १८ पूर्ण झाला होता, स्वतः बोलायला तयार होता. त्याच्या आईची, काकूंची, एकच अट: चेहरा नको. आम्ही त्याला खिडकीकडे पाठ करून बसवलं, पंखा बंद केला, कॉलरला माइक लावला, "त्या दिवशी काय झालं?" विचारलं. तो ताठ बसला आणि म्हणाला, "सायंकाळी साडेसातच्या सुमारास मी सदर ठिकाणी उभा असताना सदर इसमाने येऊन माझ्याशी हुज्जत घातली."

सोळा वर्षांच्या पोराला इसम! मी तीनदा प्रश्न बदलून विचारला. तीनदा इसमच आला. पोलिसांनी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, तेव्हापासून ती गोष्ट त्याच्या तोंडात तशीच बसली होती. समोर खुर्ची, उजेड आणि प्रश्न विचारणारं माणूस आलं की तेच बाहेर यायचं.

तरी तेच घेतलं. पाठमोऱ्या उजेडातही नाक ओळखू येत होतं म्हणून वरून ब्लर टाकला. पहिला कट रविवारी आमच्या टीव्हीवर लावला. आई, आजोबा, शेजारच्या दोघी. त्याचा धूसर चेहरा आला आणि आई म्हणाली, "हाच ना तो मेला, ज्याने मारलं?"

मी म्हटलं, अगं, ह्याला मारलं.

"मग चेहरा का लपवलाय त्याने?"

शेजारच्या काकूंनाही तसंच वाटलं होतं, आजोबांनाही. मी चिडले. पण नंतर बातम्या लावून बसले आणि बघितलं. काळं फडकं घातलेले चेहरे, मागे रांगेत उभे पोलीस, पुढे टेबलावर मांडलेले कोयते. फडकं घालतात ते ओळख परेड व्हायची असते म्हणून, म्हणजे उलट त्या माणसाच्या सोयीसाठीसुद्धा. पण बघणाऱ्याला इतकी वर्षं सवय झालीय की चेहरा गेला की गुन्हा आला. आवाज जाड करून टाकला असता तर उरलंसुरलंही गेलं असतं.

एडिट परत उघडला तेव्हा मला हे सगळीकडे दिसायला लागलं. हलता कॅमेरा त्याच्या पाठीमागून गल्लीत जातो तेव्हा तो पळ काढतोय असं वाटतं. माणूस दूध आणायला चालला होता. त्याच्या आवाजाखाली टाकलेला तो धुमसणारा सूर काढला आणि तेच वाक्य नुसतं ऐकलं, तर तो कंटाळलेला वाटला.

आम्ही परत त्यांच्याकडे गेलो, ह्या वेळी खुर्ची न मांडता. अंगावर आलेला चॉपर त्याने डाव्या हाताने पकडला होता. मनगटाच्या जरा वर टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, आणि शीर दोन्ही तुटले. ऑपरेशननंतर ६ आठवडे हात स्प्लिंटमध्ये. अजून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण मिटत नाही. तो दुचाकीच्या गॅरेजमध्ये शिकत होता, आणि क्लच डाव्या हाताला असतो. गाडी खोलतो, जोडतो, फेरी मारून बघायला दुसरं कुणी. हाताच्या व्यायामासाठी मऊ चेंडू दाबायला सांगितला होता. तो हरवला. काकू म्हणाल्या, चेंडू कशाला, कणीक मळ. तेव्हापासून रोज संध्याकाळची कणीक त्याची.

परातीच्या बरोबर वर कॅमेरा बांधला. नुसते हात, पीठ, पाण्याचा पेला. पिठाने वण जवळजवळ झाकला जातो, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. एकच तांत्रिक भानगड झाली. स्वयंपाकघरात ट्यूबलाइट आणि मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम्सवर, त्यामुळे पडद्यावर पट्टे लहरायला लागले. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब त्याच तालात लुकलुकते, म्हणून २५ फ्रेम्स आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं, मग शांत झालं. मी काही विचारलंच नाही. तोच, मळता मळता:

"मला वाटलं पट्टी आहे. स्टीलची, शाळेत असते ना, तशी. म्हणून धरली. धरल्यावर गरम लागलं. मग बघितलं."

इसम कुठेच नव्हता.

दुसऱ्या मुलाच्या घरीही गेलो. दोन्ही बाजू घ्यायच्या, तक्त्यात होतं. त्याची आई दारात उभी राहिली, मग आत बोलावलं, चहा टाकला. म्हणाल्या, "आमच्याकडे कॅमेरा एकदा येऊन गेलाय, बाई. दार न वाजवता." चहा संपेपर्यंत त्या पोराबद्दल बोलल्या, त्याला कारली आवडतात हेही सांगितलं, आणि त्यातलं काहीही फिल्ममध्ये नको म्हणाल्या. एडिटला कॅमेरावाल्याने सवयीने पाटी टाकली: 'त्याच्या कुटुंबीयांनी बोलण्यास नकार दिला.' वाचली आणि परत टीव्हीसमोर बसलेली आई आठवली. नकार दिला म्हणजे नक्कीच काहीतरी. पाटीवर खूप भांडलो. शेवटी राहिली ती अशी: 'दुसऱ्या मुलाच्या आईने आम्हाला चहा दिला. कॅमेऱ्यासमोर बोलायचं नाही, असं त्या म्हणाल्या.' सरांनी ह्याचे २ मार्क कापले, पाटी लांब झाली म्हणून. दुसऱ्या बाजूचं तेवढंच आहे फिल्ममध्ये, आणि ते कमी आहे हे मला मान्य आहे.

एक अडचण शेवटपर्यंत राहिली होती. कणकेच्या शॉटमध्ये काकू बाहेरून त्याला दोनदा नावाने हाक मारतात. कलम ७४. बीप टाकला तर काकू शिव्या देतायत असं ऐकू यायला लागलं, आम्ही तिघं हसून लोळलो. आवाज नुसता बंद केला तर खड्डा पडायचा. साउंडवालीने तोडगा काढला. मागे कुकर चालूच होता, त्याची एक स्वच्छ शिट्टी उचलली आणि दोन्ही हाकांवर ठेवली.

जमा करायच्या आदल्या दिवशी त्याला आणि काकूंना फिल्म दाखवली. नको वाटलं तर काढून टाकू, असं ठरलंच होतं. तो पूर्ण वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होता, पडद्यावरच्या आणि मांडीवरच्या. काढायला काही सांगितलं नाही. काकूंनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

"डाळीला मी तीनच शिट्ट्या काढते. तुमच्यात पाच कशा?"