आले आले!

परवा दुपारी पलंगावर आडवी पडून चिनी व्याकरणाचं पुस्तक वाचत होते, क्रियापदानंतर येणाऱ्या 'ल' या चिमुकल्या शब्दाच्या धड्यात नेहमीसारखी रुतलेली, तेवढ्यात बेल वाजली. पडल्यापडल्याच ओरडले, आले आले! उठले मात्र नाही कारण चष्मा सापडेना, आणि तिथेच ट्यूब पेटली.

म्हणजे कसंय, चिनीत क्रियापद बदलतच नाही. मी जाणे, ती जाणे, काल जाणे, उद्या जाणे, सगळं एकच. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'मा' लावा, आपण 'येतेस का'मधला 'का' लावतो तसा. पहिला महिनाभर वाटतं, अरे हे तर फुकटात मिळालं. मग येतो हा 'ल'. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या पहिल्याच पातळीला, जुन्या अभ्यासक्रमात जेमतेम १५० शब्दांची होती ती, आणि ५,००० शब्दवाले सहाव्या पातळीचे लोकही त्याच्यापुढे डोकं खाजवतात. माझं पुस्तक इंग्रजीतलं. ते बजावतं, 'ल' म्हणजे भूतकाळ नव्हे हो! वेटरला हाक मारली की तो आतूनच ओरडतो 'लाय ल', शब्दशः आलो, आणि अजून आलेला नसतो. हे पटवायला लेखकाने पानभर घाम गाळलाय. अहो, आमच्याकडे सगळे असेच येतात!

आजी तर हमखास. सकाळी दूधवाल्याची कडी वाजायची, हात पिठाचे, पोळी तव्यावर, 'आले रे, आले' म्हणत ती पोळी उलटायची, शेकायची, तूप लावायची, मग हात धुवायची. दूधवाला तोवर पायरीवर बसून घ्यायचा. आणि आजोबांचे एक मित्र 'चला, निघालो' म्हणून पुढे तासभर उंबऱ्यात उभे. त्यालाही चिनीत तोच 'ल', 'त्झोउ ल'.

बाकी मोजायचे शब्द, म्हणजे आकडा आणि वस्तू यांच्या मध्ये येणारे, मला मनापासून आवडतात. मासा, रस्ता, पँट या सगळ्यांना 'त्याओ', लांबुडकं ते त्याओ. खुर्ची, छत्री, सुरीला 'पा', मुठीत धरता येतं म्हणून. मेथीची जुडी आणि लसणाचा गड्डा म्हणणाऱ्यांना यात काय अवघड? आणि समोरच्याला धरून 'आपण' म्हणायचं तर उत्तरेकडच्या बोलीत वेगळा 'त्सानमन' आहे. इंग्रजीवाले बसलेत सगळ्याला वी वी करत.

असो. कुरियरवाला पार्सल समोरच्या काकूंकडे टाकून गेला. मी परत येऊन धड्याखालचा स्वाध्याय सोडवला. 'लहानपणी मी रोज आजीकडे जायचे.' गाळलेली जागा भरा, नको तर रिकामी ठेवा. मी आत्मविश्वासाने 'ल' भरला. मागे उत्तरं बघितली तर चूक. रोजच्या सवयीला 'ल' लागत नाही म्हणे, जागा रिकामी ठेवायची होती.