लोप्पिसमधला पितळी स्टोव्ह

स्टॉकहोममध्ये मे महिना लागला की शनिवार-रविवारी कुठे ना कुठे लोप्पिस भरतं. लोप्पिस म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार. लोक घरातलं नको झालेलं सामान टेबलावर मांडून बसतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका टेबलाखाली मला गंजलेला पत्र्याचा डबा दिसला. उघडला तर आत काळाहिरवा पडलेला पितळी स्टोव्ह, सुटे केलेले तीन पाय आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला बर्नर. प्रायमस कंपनीचा 96 नंबर. डोंगरात नेण्यासाठी बनवलेला, सगळा मोडून डब्यात मावणारा.

"शोभेला ठेवायला छान आहे, चालत नाही," विकणाऱ्या बाई म्हणाल्या.

मी पंपाची दांडी ओढली. ती सर्रकन बाहेर आली आणि तशीच सर्रकन आत गेली, कुठे अडली नाही की हाताला दाब लागला नाही. पंपातला चामड्याचा वायसर वाळला होता. दुसरं काही बिघडलेलं असेल असं मला वाटेना. 120 क्रोनर देऊन मी डबा पिशवीत टाकला.

हे मला कसं कळलं? लहानपणी आमच्याकडे पंपाचा स्टोव्ह होता आणि तो दुरुस्त होताना मी शेजारी बसून बघायचे. पंप मारणं, पिन मारणं, काकडा, भडका हे शब्द तेव्हाच कानावर पडलेले. स्वीडिश मला अजून अडखळत येते, पण या एका वस्तूपुरते माझ्याकडे सगळे शब्द तयार होते. घरापासून इतक्या लांब असं क्वचितच होतं.

आणि स्टोव्ह मूळचा इथलाच. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट हा स्टॉकहोमच्या एका कारखान्यातला कारागीर. त्याने 1892 च्या सुमारास काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला आणि त्याला नाव दिलं प्रायमस. तोवरचे वातीचे स्टोव्ह भांडी काळी करायचे. लिंडक्विस्टच्या स्टोव्हला वातच नव्हती. टाकीतली हवा रॉकेलला वर ढकलते, तापलेल्या बर्नरच्या नळ्यांमध्ये त्याची वाफ होते, ती वाफ सुईच्या टोकाएवढ्या भोकातून जोरात बाहेर पडते, बाहेरच्या हवेत मिसळते आणि निळी जळते. शहरातल्या लिल्ला एसिंगेन या छोट्या बेटावर प्रायमसचा कारखाना होता. आता तिथे राहायच्या इमारती आहेत, पण प्रिमुसगाटान नावाचा रस्ता अजून आहे. डबा आणला त्याच आठवड्यात मी मुद्दाम त्या रस्त्यावरून चालून आले.

खरी विद्या मात्र मिळाली ती आमच्या इमारतीतल्या आजोबांकडून. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी स्कीवरून उत्तरेच्या डोंगरांत आठ-आठ दिवस हिंडलेले, आणि पाठीवर असाच स्टोव्ह. इथे लहानमोठे सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, म्हणून मीही त्यांना बोलताना तसंच म्हणते. मनातल्या मनात मात्र ते कायम 'तुम्ही'च असतात.

त्यांनी पहिल्याच दिवशी मला थांबवलं. मी पितळ घासायला पॉलिश काढलं होतं. त्यांनी बाटली हातात घेऊन मागचं वाचलं आणि बाजूला ठेवली. त्यात अमोनिया होता. पत्रा ठोकून, ओढून टाकी बनवताना पितळात ताण राहून गेलेला असतो. अशा जुन्या पितळाला अमोनिया लागला तर त्याला बारीक तडे जाऊ शकतात, आणि टाकीला तडा गेला की स्टोव्ह संपला. मग मी सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यात टाकी बुडवली. तिथे माझी चूक झाली. अर्ध्या तासाने बघायचं ते मी सकाळी बघितलं. हिरवं सगळं गेलं होतं, पण पितळ गुलाबी दिसत होतं. आम्लात जास्त वेळ राहिल्यामुळे वर तांब्याचा पातळ थर धरला होता. तो मऊ फडक्याने आणि खडूच्या भुकटीने उतरवायला मला दोन रविवार लागले. ते करताना टाकीवर कोरलेली अक्षरं झिजतील की काय, या धास्तीने मी अक्षरांभोवती कापसाच्या काडीनेच घासत होते.

आता वायसर. पंपाच्या दांडीच्या टोकाला चामड्याची छोटीशी वाटी असते, बोटाच्या टोकावर बसेल एवढी. दांडी खाली दाबली की वाटीच्या कडा फुगतात, नळीला घट्ट चिकटतात आणि हवा टाकीत ढकलली जाते. दांडी वर ओढली की कडा सैल पडतात आणि बाहेरची हवा आत येते. चामडं ओलं आणि मऊ असेपर्यंतच हे होतं. माझ्या स्टोव्हमधला वायसर सुकून सुपारीसारखा टणक झाला होता. आजोबांनी तो कापायला दिला नाही. "आधी तेलात ठेव," म्हणाले. चामड्याला लावतात ते तेल एका झाकणात घेऊन मी तो रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी तो फुगून दुप्पट जाड झाला होता आणि दोन बोटांत दाबला की तेल सोडत होता. उघडं तोंड टाकीच्या बाजूला ठेवून, कडा आत दुमडत, दांडी हळूहळू फिरवत तो नळीत घालायचा. घाई केली तर एक कड मुडपते आणि पुन्हा हवा निसटते. तिसऱ्यांदा नीट बसला. मी दांडी दाबली, आणि पहिल्यांदा हाताला विरोध जाणवला. त्या क्षणी मी जोरात "बसला!" म्हणाले. आजोबांना मराठी कळत नाही, पण तेही हसले.

नळीच्या तळाशी एक छोटी झडप असते, ती हवा आत सोडते पण परत येऊ देत नाही. तिच्या आत बुचाचा इवलासा तुकडा असतो. तो कुजला की रॉकेल पंपात चढतं आणि दांडी आपोआप वर येऊ लागते. ती झडप काढायला लांब दांड्याचा खास पाना लागतो, तो आजोबांकडे होता. बुचाच्या जागी आता रॉकेलला टिकणाऱ्या रबराची चकती घालतात. बर्नरखालचं शिशाचं वायसरही मी बदललं. मग टाकी रिकामीच ठेवून पंप मारला, सगळे सांधे साबणाच्या पाण्याने माखले आणि बुडबुडे येतात का ते बघत बसले. हवेच्या स्क्रूपाशी, म्हणजे टाकीतली हवा सोडायच्या स्क्रूपाशी, एकच बुडबुडा आला. तिथली चकती बदलल्यावर तोही थांबला.

दोन गोष्टी मात्र मी कुणालाही निक्षून सांगते. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीही घालू नका. आणि असे स्टोव्ह बंद खोलीत किंवा तंबूत पेटवू नका, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही आणि जीव घेतो. पेट्रोलवरचे छोटे स्टोव्ह वेगळे असतात. सिवेर्ट कारखान्याचा स्वेआ 123 हा 1955 पासूनचा, त्याला पंपच नाही. ज्योतीच्या उष्णतेने टाकी तापते आणि तिच्यात दाब तयार होतो. पितळी गडव्यासारखा दिसतो आणि साखळीला लावलेल्या किल्लीने त्याची झडप उघडता-मिटता येते. तो माझ्याकडे अजून नाही, पण नजर आहे.

या स्टोव्हबद्दलची मला सगळ्यात भिडलेली गोष्ट मी ग्रेन्ना गावातल्या संग्रहालयात जाऊन पाहिली. सालोमन ऑगस्ट आंद्रे आणि त्याचे दोन साथीदार 1897 मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि परतले नाहीत. 1930 मध्ये क्वितोया बेटावर त्यांची शेवटची छावणी सापडली. तिथे एक प्रायमसही होता. 33 वर्षं बर्फात राहूनसुद्धा तो पेटवून पाहिल्यावर चालला. त्याच कारखान्याचा स्टोव्ह आपल्या घरात टेबलावर उघडा पडलेला आहे, हे आठवलं की हात आपोआप हलके चालतात.

सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी आम्ही दोघं तळ्याकाठी गेलो. थंडी होती, वारा नव्हता. आपल्याकडे स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरच्या मानेला लावतात. इथल्या स्टोव्हला मानेभोवती छोटी पितळी वाटी असते, तिच्यात लालसर स्पिरिट ओततात. मी ते पेटवलं आणि हवेचा स्क्रू उघडाच ठेवला. इथे घाई केली तर बर्नर तापलेला नसतो, वाफेऐवजी रॉकेलच उडतं आणि हातभर पिवळा भडका होतो. स्पिरिट जवळजवळ संपलं, ज्योत वाटीच्या कडेला लुकलुकायला लागली, तेव्हा मी स्क्रू आवळला आणि तीन पंप मारले. बर्नरच्या टोपीखालून फुरफुर झाली, एकदा पिवळी जीभ बाहेर आली, आणि मग निळी ज्योत गोल फिरून बसली. पाठोपाठ तो आवाज. पाण्यावरून पलीकडे जाईल असा, एकसारखा भरभरणारा.

आजोबा बाकावर बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डोळे न उघडताच म्हणाले, "दाब कमी आहे. अजून दोन पंप मार."